गोळी नको, तांबी नको: नैसर्गिक संततिनियमनाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोळ्यांनी मळमळतं, तांबीने अंगावरून जास्त जातं, निरोध नवऱ्याला नको असतो. मग कुणीतरी मैत्रीण सांगते, ‘आम्ही काहीच वापरत नाही, दिवस पाळतो.’ हे दिवस पाळणं कसं करायचं, कुठे फसतं आणि कुणी त्याच्या वाटेला जाऊच नये, ते इथे सांगितलं आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. अंदाजाने दिवस पाळणं वेगळं आणि पद्धत शिकून, वहीत लिहून दिवस पाळणं वेगळं. बऱ्याच घरांत पहिलं चालतं, आणि दिवस गेले की दोष पद्धतीला दिला जातो.

नैसर्गिक पद्धती म्हणजे कोणत्या?

गर्भ राहू शकतो ते दिवस ओळखायचे आणि त्या दिवसांत संबंध टाळायचे, हा या सगळ्यांचा गाभा. ओळखण्याच्या खुणा तीन: पाळीच्या तारखा, योनीतून येणारा स्राव आणि सकाळी उठल्याबरोबरचं अंगाचं तापमान. बाळंतपणानंतर अंगावर पाजण्याचा काळ आणि वीर्य बाहेर सोडणं, याही गोष्टी याच यादीत धरतात. पण त्यांचं गणित वेगळं आहे, म्हणून त्या खाली स्वतंत्र घेतल्या आहेत.

काही जोडपी धोक्याच्या दिवसांत संबंध टाळण्याऐवजी निरोध वापरतात. हरकत नाही. फक्त मग त्या दिवसांची खात्री निरोधाइतकीच असते, आणि तो नेमका सर्वांत धोक्याच्या दिवसांत वापरला जातोय हे विसरू नये.

एका पाळीचक्रात किती दिवस गर्भ राहू शकतो?

सहा. बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडतं तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच.

स्त्रीबीज फार तर १२ ते २४ तास टिकतं. शुक्रजंतू मात्र पातळ, निसरड्या स्रावात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे सोमवारी संबंध आला आणि स्त्रीबीज शुक्रवारी बाहेर पडलं, तरी दिवस जाऊ शकतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये २२१ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जे जे गर्भ राहिले ते सगळे या सहा दिवसांतल्या संबंधांतूनच राहिलेले दिसले.

मग फक्त सहाच दिवस टाळले तर? तिथेच सगळी अडचण आहे. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं, पण पुढची पाळी नेमकी कधी येणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. ताप, दगदग, रात्रपाळी, लांबचा प्रवास, परीक्षेचा ताण, घरातलं आजारपण, कशानेही स्त्रीबीज पुढे-मागे होतं. त्यामुळे सहा दिवस वाचवायला दहा-बारा किंवा त्याहून जास्त दिवस टाळावे लागतात. कमी दिवस टाळून चालेल असं सांगणारी कोणतीही पद्धत जरा तपासूनच घ्यावी.

पाळीआधीचे सात आणि पाळीनंतरचे सात दिवस सुरक्षित असतात ना?

नाही. हा समज आईकडून मुलीकडे, मित्राकडून मित्राकडे जात राहतो, आणि नको असताना दिवस राहण्याचं ते एक मोठं कारण आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोजणी रक्तस्राव नीट सुरू होतो त्या दिवसापासून करायची. तो पहिला दिवस. न्हाऊन मोकळं झाल्यापासून मोजलं की सुरुवातीलाच चार-पाच दिवसांची चूक होते.

आता एखादीची पाळी २४ दिवसांनी येते असं धरा. पाच दिवस अंगावरून जातं. तिचे ‘पाळीनंतरचे सात दिवस’ म्हणजे सहावा ते बारावा. पण २४ दिवसांच्या चक्रात स्त्रीबीज दहाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडतं, म्हणजे गर्भ राहण्याचा काळ पाचव्यापासून दहाव्यापर्यंत. ज्याला ती सुरक्षित काळ म्हणतेय, त्यातला मोठा भाग तिच्या सर्वांत धोक्याच्या दिवसांत येतो. बरोबर २८ दिवसांनी पाळी येणारीचं काय? तिचं स्त्रीबीज चौदाव्या दिवशी धरलं तर धोका नवव्यापासून सुरू. सहावा ते बारावा यातले चार दिवस तिथेही चुकतातच.

पाळीआधीच्या सात दिवसांत गर्भ राहण्याची शक्यता खरोखरच कमी असते. पण ते ‘आधीचे सात’ आहेत हे पाळी आल्यावर कळतं. या महिन्यात पाळी दहा दिवस लांबणार असेल, तर ज्याला तुम्ही शेवटचा आठवडा समजत होता तोच नेमका धोक्याचा निघतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की गर्भ राहू शकणारे सगळे दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आतच बसतात, अशा स्त्रिया साधारण ३० टक्केच असतात. बाकीच्यांचं पुस्तकातल्या चक्राशी जुळत नाही.

तारखांवरून योग्य मोजणी कशी करायची?

आधी किमान सहा पाळ्यांच्या तारखा लिहून ठेवा, वर्षभराच्या असतील तर उत्तम. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत किती दिवस झाले, ते प्रत्येक वेळी मोजा. त्यातल्या सर्वांत लहान चक्रातून १८ वजा करा. तो धोक्याचा पहिला दिवस. सर्वांत मोठ्या चक्रातून ११ वजा करा. तो शेवटचा.

समजा सर्वांत लहान चक्र २६ दिवसांचं आणि सर्वांत मोठं ३१ दिवसांचं निघालं. २६ मधून १८ गेले, ८. ३१ मधून ११ गेले, २०. म्हणजे आठव्या दिवसापासून विसाव्यापर्यंत, दोन्ही धरून, संबंध नाहीत. तेरा दिवस झाले. दर महिन्याला नवी तारीख जोडायची आणि हिशेब पुन्हा करायचा.

१९२० च्या दशकात जपानच्या ओगिनो आणि ऑस्ट्रियाच्या क्नाउस या दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, स्त्रीबीज आणि पुढची पाळी यांचं नातं शोधून काढलं. ही मोजणी त्यावर उभी आहे. पाया शास्त्रीय आहे, पण ती मागच्या महिन्यांवरून पुढच्या महिन्याबद्दल सांगते, आणि शरीर दर महिन्याला तसंच वागेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. केवळ तारखांवर विसंबणं मला तरी पुरेसं वाटत नाही.

मालाचक्र म्हणजे काय?

तारखांचीच सोपी आवृत्ती. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात हा ठोकळेबाज पण नीट तपासलेला नियम तयार झाला: ज्यांची पाळी नेहमी २६ ते ३२ दिवसांच्या दरम्यान येते, त्यांनी आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळायचे. त्यासाठी ३२ मण्यांची माळ बनवली. पहिला मणी लाल, मग सहा तपकिरी, मग बारा पांढरे, मग तेरा तपकिरी. पाळीच्या पहिल्या दिवशी रबराचं कडं लाल मण्यावर ठेवायचं आणि रोज एक मणी पुढे सरकवायचं. पांढऱ्या मण्यावर असेतो जपायचं. भारतात ही माळ मालाचक्र या नावाने आली.

बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपिन्समध्ये तिचा अभ्यास झाला. नियम काटेकोर पाळणाऱ्या १०० स्त्रियांपैकी वर्षभरात साधारण ५ जणींना दिवस गेले. सगळ्या वापरणाऱ्या धरल्या तर १२ जणींना.

माळ मिळाली नाही तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करूनही हेच करता येतं. पण वर्षात दोनदा पाळी २६ दिवसांच्या आत आली किंवा ३२ दिवसांच्या पुढे गेली, तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही.

स्रावावरून दिवस कसे ओळखायचे?

माझ्या मते शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच. तारखा मागचं सांगतात, स्राव आजचं सांगतो.

पाळी संपल्यावर बहुतेकींना काही दिवस कोरडं वाटतं. मग चिकट, दाट, पांढुरका स्राव सुरू होतो. पुढे तो पातळ, पारदर्शक आणि निसरडा होत जातो, अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा. अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरला तर तार निघते. याच स्रावात शुक्रजंतू टिकतात. निसरडेपणा जाणवला तो शेवटचा दिवस म्हणजे कळसाचा दिवस, आणि स्त्रीबीज त्याच सुमारास बाहेर पडतं. नंतर स्राव एकदम घट्ट होतो किंवा नाहीसा होतो.

नियम असा. पाळीच्या दिवसांत स्राव कळत नाही, म्हणून तेव्हा टाळायचं. नंतरच्या कोरड्या दिवसांत रात्रीच आणि एक दिवसाआड संबंध ठेवायचा, कारण दुसऱ्या दिवशीचं वीर्य आणि स्राव यांत गल्लत होते. कोणताही स्राव दिसला, अगदी चिकटसुद्धा, की थांबायचं. कळसाच्या दिवसानंतर तीन पूर्ण दिवस जाऊ द्यायचे. चौथ्या दिवसापासून पाळी येईपर्यंतचा काळ सुरक्षित.

दिवसातून दोन-तीनदा, लघवीला जाताना पुसून पाहायचं आणि रात्री वहीत एक शब्द लिहायचा: कोरडं, चिकट, निसरडं. इतकंच. बोट आत घालायची गरज नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे डॉ. जॉन आणि डॉ. एव्हलिन बिलिंग्ज या दांपत्याने ही पद्धत बसवली. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत तिची चाचणी घेतली, त्यातलं एक केंद्र आपल्या बेंगळुरूमध्ये होतं. १०० पैकी ९३ स्त्रियांना पहिल्याच महिन्यात स्रावातले बदल ओळखता आले, आणि त्यांत शाळेचं तोंड न पाहिलेल्या स्त्रियाही होत्या. म्हणजे ‘आमच्याकडच्या बायकांना हे कुठे जमणार’ हे म्हणणं खोटं आहे. नियम तंतोतंत पाळले तेव्हा वर्षाला सुमारे ३ टक्के दिवस गेले. नियम मोडले तेव्हा मात्र ही पद्धत फारच महाग पडली, कारण मोडणारा दिवस बहुधा सर्वांत धोक्याचा असतो.

याहून सोपा एक प्रकार आहे. रोज स्वतःला दोन प्रश्न विचारायचे: आज स्राव जाणवला का? काल जाणवला होता का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तरच आज सुरक्षित.

अंगावरून पांढरं जाणं म्हणजे आजार ना?

दर महिन्याला येऊन जाणारा, वास नसलेला, खाज न आणणारा स्राव हा आजार नाही, आणि त्याने अशक्तपणाही येत नाही. खाज, आग, घाण वास, हिरवट-पिवळा रंग किंवा फुटलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसल्या तर तो जंतुसंसर्ग. तेव्हा डॉक्टरांकडे जा, आणि बरं होईपर्यंत स्रावाच्या पद्धतीवर विसंबू नका.

तापमान कसं मोजायचं?

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंगाचं तापमान थोडं चढतं, साधारण अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट, आणि पुढच्या पाळीपर्यंत चढलेलंच राहतं. सकाळी डोळे उघडल्याबरोबर, अंथरुणातून उठण्याआधी, बोलण्याआधी, चहाआधी, रोज त्याच वेळी मोजायचं. त्याआधी किमान तीन तास सलग झोप झालेली हवी. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या. साध्या तापाच्या थर्मामीटरवर एवढा फरक नीट कळत नाही.

आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचं तापमान सलग तीन दिवस राहिलं, की तिसऱ्या दिवसाच्या रात्रीपासून पाळी येईपर्यंत सुरक्षित. पाळीपासून तोवरचा सगळा काळ मात्र टाळायचा, कारण तापमान स्त्रीबीज बाहेर पडून गेल्यावर सांगतं, आधी नाही. पहाटे चारला पाणी भरायला उठणारीला, तान्ह्या बाळाच्या आईला, रात्रपाळीच्या नर्सला हे जमणं अवघड आहे. त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांच्यासाठी ही पद्धत योग्य नाही, एवढंच.

दोन पद्धती जोडल्या तर खात्री वाढते का?

खूप वाढते. स्राव आणि तापमान दोन्ही नोंदवायचं, आणि दोन्ही खुणा जुळल्या तरच पुढचा काळ सुरक्षित धरायचा. जर्मनीत ९०० स्त्रियांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियम पूर्ण पाळणाऱ्यांत वर्षाला १०० पैकी एकीलाही दिवस गेले नाहीत असं म्हणता येईल इतका आकडा खाली होता: ०.४. सगळ्या वापरणाऱ्या धरून दोनपेक्षा कमी. पण त्या स्त्रिया प्रशिक्षित मार्गदर्शकांकडून शिकलेल्या होत्या आणि त्यांची जोडीदाराशी साथ पक्की होती. हा आकडा कुठेही वाचलात तर त्यामागची ही अट सोबत वाचा.

‘मूल अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत’ असं सासूबाई म्हणतात. खरं का?

अर्धं खरं आहे. बाळ वारंवार ओढत असलं की आईच्या शरीरात स्त्रीबीज तयार होण्याची क्रिया दबून राहते. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे तज्ज्ञांनी याचा आढावा घेतला. तीन अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील तर ९८ टक्के खात्री देता येते, असं त्यांचं मत पडलं.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. बाळंतपणानंतर पाळी परत आलेली नको. पहिल्या आठ आठवड्यांत अंगावरून जातं ते यात धरत नाहीत. आणि बाळ फक्त अंगावरच पीत असायला हवं, दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड न पडता.

तिसरी अट घरोघरी मोडते. वरचं दूध, पाणी, पेज, बाटली यातलं काहीही सुरू झालं की बाळ कमी ओढतं आणि संरक्षण गेलं. बाळाला रात्री आजीजवळ झोपवून बाटली देण्याची पद्धत आहे, त्यातही तेच होतं. शेतमजुरी करणारी, घरकामाला जाणारी आई दीड-दोन महिन्यांत कामावर परतते. दिवसभर बाळ लांब राहिलं तर दूध पिळून ठेवूनही तेवढी खात्री राहत नाही. तिच्यासाठी बाळंतपणाच्या वेळीच दुसरी सोय ठरवलेली बरी.

आणि उष्टावण झाली की ही पद्धत संपली, पाळी आली असो वा नसो. पुष्कळजणी ‘पाळी येऊ दे, मग बघू’ म्हणून थांबतात. पण पहिल्या पाळीच्या आधीच स्त्रीबीज बाहेर पडू शकतं. मांडीवरचं मूल वर्षाचं व्हायच्या आत पुन्हा दिवस गेलेल्या कितीतरी बायकांच्या बाबतीत नेमकं हेच झालेलं असतं. अंगावर पाजणाऱ्या आईला निरोध, तांबी आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी ‘छाया’ गोळी चालते.

वीर्य बाहेर सोडलं तर?

काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं, पण भरवशाचं नाही. दरवेळी अचूक जमलं तर वर्षाला १०० पैकी ४ जोडप्यांना दिवस जातात. प्रत्यक्षात २० जणांना जातात. आधी येणाऱ्या चिकट थेंबातही काही पुरुषांच्या बाबतीत शुक्रजंतू असतात. शिवाय सगळा भार पुरुषाच्या त्या क्षणीच्या संयमावर, आणि चुकलं तर सगळे परिणाम बाईच्या वाट्याला.

मग बाकीच्या साधनांशी तुलना केली तर?

काहीच न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी सुमारे ८५ जणांना वर्षभरात दिवस जातात. रोजच्या व्यवहारातले, म्हणजे चुका धरून आकडे असे: निरोध १३, गोळी ७, तांबी १ पेक्षा कमी, नसबंदी त्याहूनही कमी. नैसर्गिक पद्धतींचा आकडा कोणती पद्धत आणि किती शिस्त यावर २ ते २३ इतका पसरलेला आहे.

माझी पाळी अनियमित आहे. मला चालेल का?

तारखा आणि मालाचक्र अजिबात चालणार नाही. पीसीओएस (हार्मोनच्या बिघाडाने स्त्रीबीज वेळच्या वेळी बाहेर न पडण्याचा विकार) असेल तर निसरडा स्राव महिन्यात अनेकदा येऊन जातो आणि स्त्रीबीज बाहेर पडतच नाही, त्यामुळे स्रावावरूनही गोंधळ होतो. नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुली, चाळिशी ओलांडून पाळी पुढे-मागे होऊ लागलेल्या स्त्रिया, गर्भपात किंवा बाळंतपण नुकतंच झालेल्या, गोळ्या नुकत्याच बंद केलेल्या, थायरॉइडचा त्रास असलेल्या, या सगळ्यांनी काही महिने तरी दुसरं साधन वापरावं. आणि हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह किंवा गंभीर रक्तक्षयामुळे दिवस राहणं जिवावर बेतू शकतं, अशा बाईने या पद्धतींवर मुळीच अवलंबून राहू नये.

मोबाइलवरचं ॲप वापरलं तर?

तारीख लिहून ठेवायला चांगलं. पण फक्त तारखांवरून ‘आज सुरक्षित’ असं सांगणारं ॲप सरासरीच काढतं. रोजचं तापमान घेणाऱ्या एका ॲपला २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भनिरोधक म्हणून परवानगी दिली, तीही याच नोंदीच्या आधारावर. ॲपमध्ये स्राव किंवा तापमान टाकायची सोयच नसेल, तर त्याच्या रंगांवर विश्वास टाकू नका.

पपई, कडुनिंबाचं तेल, एरंडाच्या बिया?

पपई खाऊन दिवस जायचे थांबत नाहीत. संबंधानंतर पाण्याने आत धुणं, उड्या मारणं, लगेच लघवीला जाणं, यातल्या कशाचाही उपयोग नाही. शुक्रजंतू काही मिनिटांत गर्भाशयाच्या तोंडातून वर गेलेले असतात, आणि आत धुतल्याने संसर्ग मात्र होतो. एरंडाच्या बिया पाळीनंतर गिळल्या की वर्षभर दिवस जात नाहीत, असं काही भागांत सांगतात. कृपा करून हे करू नका. त्या बीमध्ये रायसिन हे जहाल विष असतं आणि बी चावली गेली तर जीव जाऊ शकतो. ‘झाडपाल्याचं’ म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं.

याने लैंगिक आजार टळतात का?

नाही. संततिनियमनाच्या साधनांपैकी एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांपासून फक्त निरोध संरक्षण देतो.

याच पद्धतीने दिवस निवडून मुलगा होतो का?

नाही. वर सांगितलेल्या १९९५ च्या अभ्यासात हेही पाहिलं होतं. कोणत्या दिवशी संबंध आला आणि मुलगा झाला की मुलगी, यांत काही संबंध आढळला नाही. ‘मुलासाठी तिथी’ सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका.

आपल्याकडे हे कधीपासून आहे?

या प्रश्नाला महाराष्ट्राचा मोठा इतिहास आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. बाईला नको असलेलं मूल तिच्यावर लादलं जाऊ नये, आणि त्यासाठी खात्रीची साधनं हवीत, ही त्यांची भूमिका होती. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर या अमेरिकन कार्यकर्तीने वर्ध्यात गांधीजींची भेट घेतली. गांधीजींना साधनं मान्य नव्हती, त्यांचा भर संयमावर होता; सुरक्षित काळाची पद्धत मात्र त्यांना त्यातल्या त्यात कमी आक्षेपार्ह वाटली.

त्या विचाराचा प्रभाव स्वातंत्र्यानंतरही टिकला. १९५१ मध्ये आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने डॉ. अब्राहम स्टोन भारतात आले. दिल्लीची लोदी कॉलनी आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथे सुरक्षित काळाची पद्धत शिकवून पाहिली, मोजणीसाठी रंगीत मण्यांच्या माळाही दिल्या. फार थोडी जोडपी टिकली. १९५२ मध्ये देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो साधनं आणि शस्त्रक्रियांकडे वळला. कॅथलिक धर्मपीठाने १९६८ मध्ये कृत्रिम साधनं नाकारून नैसर्गिक पद्धतच मान्य केली, त्यामुळे गोव्यात आणि वसईत लग्नाआधीच्या वर्गांत ती आजही शिकवतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ६ टक्के पारंपरिक पद्धती वापरत होत्या. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत त्या १० टक्क्यांवर गेल्या. म्हणजे या पद्धती मागे पडलेल्या नाहीत, वाढत आहेत. नीट शिकवण्याची सोय मात्र त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही, आणि ही गोष्ट मला काळजीची वाटते.

मी मोजते, पण नवरा थांबत नाही. काय करू?

हा प्रश्न सर्वांत हळू आवाजात विचारला जातो, आणि उत्तर याच्यावरच अवलंबून असतं. ‘आज नको’ म्हटल्यावर समोरचा थांबत असेल तरच या पद्धतींना अर्थ आहे. थांबत नसेल, दारू पिऊन येत असेल, किंवा नाही म्हणण्याचीच भीती वाटत असेल, तर वही कितीही नीट ठेवली तरी उपयोग नाही. अशा वेळी स्वतःच्या हातात राहील असं साधन घ्या. तांबी बसवायला नवऱ्याची सही लागत नाही. जबरदस्ती होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही येतो. महिला मदत क्रमांक १८१ आहे.

नवरा समजूतदार असेल तर त्याला सुरुवातीपासून सोबत घ्या. तापमान त्याने लिहावं, माळेचा मणी त्याने सरकवावा. आपल्या देशात विवाहित स्त्रियांपैकी जवळपास ३८ टक्के जणींची नसबंदी झालेली आहे, आणि पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, बिनटाक्याची आणि कमी जोखमीची असूनही हे असं आहे. कुटुंब पूर्ण झालं असेल तर त्या बोलण्याची सुरुवात इथूनच होऊ शकते.

हार्मोन नको, पण नैसर्गिक पद्धतही झेपत नाही. दुसरं काय?

निरोध, तांबी, नसबंदी, आणि ‘छाया’. छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली गोळी. तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते.

धोक्याच्या दिवसांत चूक झाली. आता?

घाबरू नका, पण थांबूही नका. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. ती औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ती हार्मोनची आहे, पण अशी एखादी वेळ वेगळी; दर महिन्याची सवय करू नका. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर तिचा उपयोग गोळीपेक्षाही खात्रीचा, आणि पुढची काही वर्षं निर्धास्त. तातडीच्या गोळीने पाळी पुढे-मागे होते, तेव्हा त्या महिन्याची मोजणी सोडून द्या.

पाळी एक आठवडा चुकली तर सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करा. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मिळतं. दिवस राहिले असतील आणि मूल नको असेल, तर साधन किंवा पद्धत फसली हे गर्भपातासाठी कायदेशीर कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत ते अविवाहित स्त्रीलाही लागू होतं. सज्ञान स्त्रीला स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासरची लागत नाही, आणि डॉक्टरांना तुमचं नाव गुप्त ठेवावं लागतं. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होतो, पण नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि पोटात रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येतो.

सुरुवात कशी करू?

आज पाळीचा कितवा दिवस आहे ते वहीत लिहा. पहिले तीन महिने फक्त नोंद करायची: तारीख, स्राव, जमलं तर तापमान, आणि ताप, प्रवास, जागरण असं काही झालं असेल तर तेही. या तीन महिन्यांत निरोध वापरा किंवा संबंध टाळा. मग ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञ, आरोग्य केंद्रातल्या परिचारिका किंवा ही पद्धत शिकवणाऱ्या प्रशिक्षित मार्गदर्शकाकडे जा, आणि शक्य असेल तर नवऱ्याला घेऊन जा. वहीतली तीन चक्रं त्यांच्यासोबत वाचून झाली, कळसाचा दिवस तुम्हाला स्वतःला दाखवता आला, की मग पद्धतीवर विसंबायला सुरुवात करा.